ऑफर आहे म्हणून डोळ्याला लेझर?

प्रश्न: मी 22 वर्षांची, सांगलीत जॉब करते, दिवसभर कॉम्प्युटरवर. दोन्ही डोळ्यांना मायनस 6 नंबर आहे, मागच्या वर्षी सव्वापाच होता. घरात स्थळं बघायला लागलेत त्यामुळे आई म्हणते लेझर करून चष्मा घालवून टाक. एका ठिकाणी दाखवलं तर कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) 495 मायक्रॉन जाड आहे, होऊन जाईल, या महिन्यात ऑफर पण आहे म्हणाले. तिथे जाताना लेन्स रिक्षातच काढल्या होत्या. डोळ्यांना खाज येते, धुळीमुळे असेल. करू का?

उत्तर: अगं, ऑफर साडीवर ठीक आहे. एका वर्षात पाऊण नंबर वाढलाय म्हणजे तो अजून थांबलेलाच नाही, वर्षात अर्ध्याच्या वर फरक नको असं साधारण बघतात. आज केलंस आणि नंबर पुढे सरकला तर परत चष्मा, आणि कॉर्नियाचा जो थर गेला तो काही परत भरून येत नाही.

495 चा हिशोब मांडून बघ. सरासरी 540 च्या आसपास असते, तुझा जरा पातळच. लॅसिकमध्ये, म्हणजे या लेझरच्या ऑपरेशनमध्ये, वरचा पापुद्रा उचलतात तो साधारण 110 चा, आणि लेझरने एका नंबरमागे ढोबळ 15 जातात म्हणजे सहाचे 90, उरले 295. खाली 250 तरी राहायलाच हवेत, बरेच डॉक्टर 300 धरतात. म्हणजे अगदी काठावर. त्यात लेन्स काढल्या काढल्या घेतलेलं माप मी तरी धरणार नाही, लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो, सॉफ्ट असली तरी एक-दोन आठवडे बंद ठेवून परत मोजायचं.

पण मला खरी धास्ती खाजेची वाटते. डोळे चोळतेस का, मुठीने, कचकचून? सतत चोळणाऱ्यांत केराटोकोनस जास्त दिसतो, कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तोही तुझ्याच वयात, आणि नंबर वाढत जायचं कारण तेही असू शकतं. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर नजर आणखी बिघडते. त्यामुळे आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढायची तपासणी, आणि खाजेवर औषध. कॉम्प्युटरमुळे डोळे कोरडे असतील तर तेही बघतील, खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवून ती किती भिजते ते मोजतात, टोचतं पण दुखत नाही.

नंबर थांबला आणि कॉर्निया पातळच निघाला तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स असते, महाग आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी मात्र चष्मा गेला तरी दरवर्षी करायची, मोठ्या मायनस नंबरचा पडदा नाजूकच राहतो.

जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या शोधून ठेव, पुढच्या वेळी सगळ्या घेऊन जा. आणि आईला स्थळांना चष्म्यातलाच फोटो पाठवायला सांग.