गोदामात पडून राहिलेली साखर जीडीपीत येते का? आणि पुढच्या वर्षी विकली की पुन्हा मोजतात का?

पहिल्या शंकेचं उत्तर हो, दुसरीचं नाही.

जीडीपी उत्पादनाचा असतो, विक्रीचा नव्हे. मार्चमध्ये कोल्हापूरच्या एखाद्या कारखान्यात भरलेली पोती कुणी उचलली नाहीत, तरी साखर तयार झाली ती त्याच वर्षात. जीडीपी खर्चाच्या बाजूनेही, म्हणजे माल कुणी घेतला यावरून, मोजतात. तिथे तिला गिऱ्हाईक लागतंच, म्हणून कारखान्यानेच ती घेतली असं धरतात आणि स्थूल भांडवलनिर्मितीत, म्हणजे एकूण गुंतवणुकीत, 'साठ्यातील बदल' या सदरात टाकतात. पुढच्या वर्षी ती घराघरांत गेली की खाजगी उपभोग वाढतो आणि साठ्यातील बदल उणे होतो. त्या वर्षात नवीन मोजली जाते ती फक्त वाहतूक आणि व्यापाऱ्याचं मार्जिन.

खरी गडबड होते किमतीत. ताळेबंदातल्या अखेरच्या साठ्यातून आरंभीचा साठा वजा केला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. समजा, १ एप्रिलला ४०,००० क्विंटल साखर होती, भाव ३,६०० रुपये. ३१ मार्चला ५०,००० क्विंटल, भाव ३,९००. (आकडे कल्पित आहेत. कारखाने साठा बहुधा बाजारभावाने दाखवतही नाहीत. उत्पादनखर्च किंवा बाजारातून हाती येणारी रक्कम, यांतलं जे कमी ते धरतात.) १९.५० कोटींतून १४.४० कोटी गेले, उरले ५.१० कोटी. पण साखर वाढली १०,००० क्विंटलच. वर्षाचा सरासरी भाव ३,७५० धरला तर साठ्यातील बदल ३.७५ कोटी. उरलेले १.३५ कोटी नुसत्या भाववाढीचे. ते कुणी पिकवले नाहीत की गाळले नाहीत, म्हणून जीडीपीत येत नाहीत. महागाईच्या वर्षात ही दुरुस्ती राहिली तर वाढीचा दर फुगतो.

तारखेचाही घोळ आहे. साखरेचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, राष्ट्रीय लेख्यांचं, म्हणजे जीडीपीच्या हिशेबाचं, एप्रिल ते मार्च. गाळप हंगाम संपत आलेला असताना, ३१ मार्चला, गोदामं तुडुंब दिसतात. पण आधीच्या ३१ मार्चलाही ती तशीच होती, त्यामुळे वार्षिक बदल छोटा येतो. तिमाहीत मात्र जानेवारी-मार्चला साठा चढतो आणि एप्रिलनंतर उतरू लागतो.

साठा म्हणजे फक्त तयार माल नव्हे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (ओतशाळेत) पडलेलं भंगार, भट्टीचा कोक, फेटलिंगला (साफसफाईला) थांबलेलं कास्टिंग, सगळं त्यात येतं. कोक आयातीचा असेल तर साठ्यात अधिक, आयातीत उणे, जीडीपीवर परिणाम शून्य. लेथ (धातू कातायचं यंत्र) तो बनवणाऱ्याकडेच न विकलेला उभा असेल तर तो साठा. कुणी विकत घेऊन कारखान्यात बसवला की स्थिर भांडवल.

बातम्या वाचताना एवढं बघा: गेल्या वर्षी साठा १० कोटींनी वाढला आणि यंदा ४ कोटींनी, तर साठा वाढूनही जीडीपीच्या वाढीत त्याचा वाटा उणे ६ कोटी असतो, कारण वाढीत धरतात तो या दोन बदलांमधला फरक.