‘बार्शी रोड’ स्टेशन गेलं कुठं?

प्रश्न असा आहे : घरातल्या जुन्या व्यापारी कागदांवर ‘स्टेशन बार्शी रोड’ असा पत्ता आहे. सोलापूर जिल्ह्यात आज या नावाचं स्टेशन सापडत नाही. ते बंद पडलं का? आणि हा ‘रोड’ म्हणजे बार्शीतला कोणता रस्ता?

स्टेशन चालू आहे, फक्त नाव बदललं. बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी. आणि हा ‘रोड’ बार्शी गावातला नव्हेच, तो बार्शीकडे जाणारा.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा रूळ १८५९ साली इथवर आला, पुढच्या वर्षी सोलापूरला पोचला. बार्शी मात्र बाजूला राहिली, जवळजवळ पस्तीस किलोमीटर. कापसाची एवढी मोठी पेठ, पण माल बैलगाड्यांनी या स्टेशनापर्यंत आणावा लागे. गाडी थांबते ती जागा तेव्हा कुणाला फारशी ठाऊक नव्हती, बार्शी सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून पाटीवर बार्शीचं नाव लागलं. रेल्वेच्या नावांत ‘रोड’चा अर्थ एवढाच : अमुक गावाला जायचं असेल तर इथं उतरा, पुढं रस्त्यानं जा. अक्कलकोट रोड तसंच, कळंब रोड आणि जत रोडही तसेच.

एसटीच्या भाषेत आपण अशा जागेला ‘फाटा’ म्हणतो. माझ्या मते या ‘रोड’ला मराठीत याहून जवळचा शब्द नाही, ‘मार्ग’ म्हटलं की अर्थच हरवतो.

१८९७ साली इंग्रज इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाईट रेल्वे, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली छोटी लाईन, बार्शी रोडपासून थेट बार्शीपर्यंत धावू लागली. बार्शीतलं स्टेशन ‘बार्शी टाऊन’ झालं. हा ‘टाऊन’ लावण्याचं कारण मला उघड दिसतं : बार्शीच्या नावाचं एक स्टेशन आधीच होतं, दोन्हींची गल्लत व्हायला नको. पुढं ही छोटी लाईन १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. रूळ अरुंद, त्यामुळं बार्शी रोडला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. तुमच्या कागदांवर हेच नाव पुन्हापुन्हा येतं, त्यामागं ही उतरवा-चढव असण्याची शक्यता मोठी आहे. १९५४ साली सरकारनं ही लाईन ताब्यात घेतली. आता तिथं ब्रॉडगेज आहे, छोट्या गाडीचे रूळ गेले.

कुर्डुवाडी हे नाव शेजारच्या कुर्डू गावावरून आलेलं. गंमत बघा, तालुका माढा, नाव कुर्डूच्या वाडीचं, आणि पाटी इतकी वर्षं बार्शीची! बार्शी टाऊनमधला ‘टाऊन’ मात्र अजून टिकून आहे. जोडीतला ‘रोड’ गेल्यामुळं नव्या माणसाला तो उगाच लावल्यासारखा वाटतो.

कागदांची नक्कल करताना ‘बार्शी रोड’ जसंच्या तसं ठेवा आणि शेजारी कंसात ‘कुर्डुवाडी’ लिहा. नुसतं ‘बार्शी’ लिहिलंत, तर वाचणारा माल पस्तीस किलोमीटर अलीकडंच उतरवेल.