ऐकू येतं डावीकडे, तपासा उजवीकडे

प्रश्न : माझ्या सहाचाकी मालट्रकला ताशी 60 किलोमीटरच्या पुढे चाकांतून घूंऽऽ असा सलग आवाज येतो. वेग वाढला की आवाजही चढतो. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून पाहिलं, फरक पडला नाही. केबिनमध्ये बसल्यावर तो डाव्या पुढच्या चाकातून येतोय असं वाटतं. रस्ता डावीकडे वळला की वाढतो, उजवीकडे वळला की दबतो. मध्यंतरी मागचे टायर पुढे घेतले आहेत. मिस्त्री म्हणतात, सगळ्या चाकांचे बेअरिंग बदला. काय करावं?

उत्तर : सगळे बेअरिंग लगेच बदलू नका. धडधाकट बेअरिंग विनाकारण उघडला की त्यात धूळ जाण्याची नाहीतर नट चुकीचा बसण्याची धास्ती असते. तुमच्या पत्रातच बराचसा माग आहे.

न्यूट्रलमध्येही आवाज टिकतो, म्हणजे इंजिन आणि क्लच बाजूला ठेवा. (ही चाचणी पुन्हा करू नका, भरलेल्या गाडीने उतारावर तर मुळीच नाही.) डिफरन्शियलची (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीची) खूण वेगळी. त्याचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलतो, बहुधा दोन्हींपैकी एकाच वेळी ठळक होतो. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

आता वळणाचं बघू. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढत असेल, तर पहिला संशय उजव्या बाजूवर घ्यावा, कान काहीही सांगोत. हबमधला (चाकाच्या मध्यभागी बेअरिंग बसतो त्या भागातला) आवाज ॲक्सल आणि चासीतून केबिनपर्यंत पोचतो, त्यामुळे तो कुठून निघाला हे बसल्या जागी ओळखणं फार कठीण असतं.

पण एवढ्यावर बेअरिंगवर शिक्का मारू नका, कारण वळणावर टायरवरचा भारही बदलतो. शिवाय तुमचे टायर जागा बदलून आलेत, आणि मला इथेच थांबून बघावंसं वाटतं. मागे चालताना रबराच्या ठोकळ्यांची एक कड जास्त घासली गेली असेल, तर पुढे आल्यावर असा टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा घुमतो. गाडी उभी करून टायरवर तळवा आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, किंवा मध्ये मध्ये खळगे लागले, तर आवाज तिथला असू शकतो. रस्त्यावरही कान द्या. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा जवळपास तोच राहतो. तरीही उलगडा झाला नाही तर संशयित टायर मागे टाकून बघा. आवाज त्यांच्यामागे गेला, तर बेअरिंगला हात लावायची गरज नाही.

टायर निर्दोष निघाले तर उजवं पुढचं चाक उचला. बाकीच्या चाकांना गुटके लावा, ॲक्सल भक्कम घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून चाक हाताने फिरवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून बोटांना कळते. मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) बघा. एक मात्र लक्षात घ्या : खेळ अजिबात नसतानाही बेअरिंग घुमू शकतो, म्हणून चाक फिरवून पाहणं टाळू नका.

हब उघडलाच तर रोलरवर आणि कपच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) आतल्या बाजूला खड्डे, सुटलेल्या पापुद्र्या, निळसर डाग शोधा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग ऑइल सील बदला. नुसता कोन (रोलर बसवलेलं आतलं कडं) बदलून जुना कप ठेवायची सवय अनेकांना असते. ती मोडायला लावा, दोन्ही जोडीनेच बदलायचे. बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोताने गरगर फिरवू देऊ नका, रोलर सुटून इजा होते. नट चाक फिरवत आवळायचा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढा मागे घ्यायचा. हाताने जुळवणी होणाऱ्या टेपर रोलर बेअरिंगला साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर खेळ ठेवतात. हा अंदाजाने कळत नाही, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावायला सांगा.

तोवर प्रत्येक थांब्यावर दोन्ही पुढच्या हबजवळ हाताची मागची बाजू न टेकवता धरा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, दोन्हीपैकी एक आहे. हबमधून धूर, जळका वास किंवा चाकाला ठळक खेळ दिसला तर गाडी तिथेच उभी करा, माल दुसऱ्या गाडीने पाठवा. बेअरिंग पूर्ण गेला तर चालत्या गाडीचं चाक निखळून पडतं, आणि ते समोरच्या माणसावर जाऊन आदळू शकतं.