रात्री समुद्रकिनाऱ्यावर आतून उजळणाऱ्या फुगवायच्या खेळण्यांचे फोटो बिघडतात, काय चुकत असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आत एलईडी असलेला फुगवायचा हंस आणि दोन मोठे चेंडू वाळूवर मांडले, पूर्ण अंधार झाल्यावर फोटो काढले. खेळणी पांढरीफटक आली आणि वाळू, समुद्र काळाठिक्कर. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवला तर खेळणी आणखी जळाली, कमी केला तर काळोखात नुसते रंगीत ठिपके उरले. आता नवा कॅमेरा घ्यावा का?

घेऊ नका. महागडा कॅमेराही हेच करेल, कारण गडबड वेळेची आणि दिव्याची आहे. उजळलेल्या खेळण्याला कंदील समजा. पूर्ण अंधारात कंदील आणि त्याच्या मागचं आकाश यांच्या उजेडात इतका फरक असतो, की एका क्लिकमध्ये दोन्ही सांभाळणं अवघड. मग एक तर आकाश कंदिलाइतकं उजळ असेल तेव्हा फोटो काढा, नाहीतर कंदील मंद करा. मी दोन्ही करतो.

आधी वेळ. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश गेलेला असतो, तेव्हा आकाश गडद निळं असतं, पण मेलेलं नसतं. विषुववृत्ताच्या आसपास ही वेळ सूर्यास्तानंतर सुमारे १३ ते २२ मिनिटांनी येते. जितकं दूर जाल तितकी ती उशिरा येते आणि जास्त टिकते. या काळात उजेड दर तीनेक मिनिटांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे तेव्हा पंप शोधत बसलात तर खेळ खलास. सूर्य मावळण्याआधी सगळं मांडून, बांधून, फ्रेम ठरवून मोकळं व्हा. मग दर दोन मिनिटांनी एक फोटो काढत राहा. पहिले काही फोटो फिके येतील, शेवटचे काळे. मधल्या दोन-तीन फोटोंत खेळणं आणि आकाश एकमेकांशी जुळलेलं सापडेल.

आता दिवा. बहुतेक खेळण्यांत तो तळाशी असतो, म्हणून हंसाचं बूड जळतं आणि मान अंधारात राहते. दिवा बाहेर काढता येत असेल तर त्यावर बटर पेपरचा एक थर गुंडाळा, चाचणी फोटो घ्या, कमी वाटला तर दुसरा थर चढवा. दुधी प्लॅस्टिकची वाटी उपडी ठेवली तर उजेड आणखी छान पसरतो. खेळण्यात दिवाच नसेल तर वाळूत खड्डा करून त्यात जलरोधक एलईडी टॉर्च उभी ठेवा, वर पांढरं कापड ताणा आणि त्यावर खेळणं बसवा. हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब मात्र जवळही आणू नका. खेळण्याचं पीव्हीसी प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि शिवण सुटते. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या उतरत जातात तसा दिवाही मंदावतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या सुरुवातीला किंचित मंद वाटल्या तरी बराच वेळ एकसारख्या चालतात.

रंग आपोआप बदलणारे दिवे डोक्याला ताप देतात. शटर (कॅमेऱ्यात उजेड सोडणारा पडदा) सेकंदभर उघडं राहिलं की दोन-तीन रंग मिसळून गढूळ छटा येते. रिमोट असेल तर एक रंग पक्का करा. शिवाय स्वस्तातले दिवे मंद करताना प्रत्यक्षात झपाट्याने चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० सेकंदासारख्या वेगवान शटरला किंवा मोबाइलला आडवे पट्टे दिसतात. शटर १/६० किंवा त्याहून संथ ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात.

सेटिंग सुरू करण्यासाठी : मॅन्युअल मोड, आयएसओ ८००, एफ/४ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/३० सेकंद, रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). पहिल्या फोटोनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, पण लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे आलेख बघा. एकत्रित आलेख इथे फसवतो. लाल चेंडूत फक्त लाल चॅनेल भरून वाहत असतो आणि एकत्रित आलेख ‘सगळं ठीक’ म्हणतो. घरी येऊन बघावं तर चेंडूवरची शिवण, सुरकुत्या, झडपेचा उंचवटा सगळं पुसलेलं, नुसता लाल डाग. सर्वांत उजळ भागात शिवण दिसेपर्यंत एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) खाली आणा. वाळू थोडी काळी राहिली तरी रॉमध्ये ती उचलता येते. जळालेला लाल परत येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ४००० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवा, ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फोटोत आकाशाचा रंग वेगळा.

वाळूसाठी ८ सेकंदांचा वेगळा फोटो घेऊन नंतर दोन्ही जोडायचा विचार असेल, तर दुसऱ्या फोटोत खेळण्याचा दिवा बंद करा. चालू ठेवलात तर वाऱ्याने डुललेल्या खेळण्याभोवती प्रकाशाची धूसर कड येते आणि ती काढताना रात्र जाते. पौर्णिमेच्या आसपास हे काम सोपं : चंद्र वर आला की आयएसओ १६००, एफ/२.८ आणि सुमारे ४ सेकंदांत वाळू दिसू लागते.

वारा हा खरा शत्रू. फुगवलेली वस्तू म्हणजे शीड. कोरड्या वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. त्याऐवजी कापडी पिशवी वाळूने भरा, तिला मासेमारीची नायलॉन दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरा. एका खेळण्याला अशा तीन पिशव्या. वारा समुद्राकडे वाहत असेल तर दोऱ्या दुप्पट करा आणि सुटलेल्या खेळण्यामागे अंधारात पाण्यात मुळीच उतरू नका. हवा दुपारी उन्हात भरून आणू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की आतली हवा सुमारे ३ टक्के आकसते आणि हंसाची मान कलते. जागेवर, खेळणं थंड झाल्यावर शेवटचे दोन-चार झटके भरा. आतून उजेड असला की प्रत्येक सुरकुती काळ्या रेघेसारखी उठते.

जागा निवडताना ओहोटी लागलेली हवी. पाणी मागे सरकत गेलेली वाळू घट्ट, पावलांशिवायची आणि ओली असते. लाट परतताना तिच्यावर काही सेकंद पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि त्यात अख्खा हंस उलटा दिसतो. कॅमेरा जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटरवर ठेवा आणि लाट मागे वळली की लगेच क्लिक करा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर काढा, तो नेमकं हेच प्रतिबिंब खातो. भरती चढत असताना हा प्रयोग नको.

ट्रायपॉडचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी थोडा उघडा, म्हणजे सांधा वाळूच्या वर राहतो. पाय दाबून रोवा; लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा कळत नकळत कलतो, म्हणून प्रत्येक लाटेनंतर क्षितिज तपासा. फोकस स्क्रीनवर मोठं करून शिवणीवर जमवा आणि मॅन्युअलवर टाका. यूव्ही फिल्टर खाऱ्या तुषारांपासून काच वाचवतो, पण काळ्या पार्श्वभूमीवर उजळ खेळण्याची हिरवट भुतं, म्हणजे काचेतली खोटी प्रतिबिंबं, तोच उभी करतो. क्लिक करण्यापुरता काढून ठेवा. काचेवर तुषार आले तर कोरड्या कापडाने घासू नका. आधी फुंकणी, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलावलेलं कापड. एसी खोलीतून थेट दमट किनाऱ्यावर आलात तर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरेल.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून सरळ मारलात तर चकचकीत पीव्हीसीवर पांढरा ठिपका पडतो आणि आतला उजेड मरतो. मी तो वापरतच नाही.

मोबाइल असेल तर खेळण्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग उजेडाची पट्टी खाली ओढा. नाइट मोड अनेक फोटो जोडतो, त्यामुळे डुलणाऱ्या खेळण्याच्या कडा दुहेरी येऊ शकतात. संधिप्रकाशात तो बंद ठेवूनच बघा.

एक अट मात्र पाळा. किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर त्या हंगामात हा उद्योग तिथे नकोच. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, आणि तुमचा हंस त्यांना समुद्रापेक्षा उजळ दिसेल.

परतल्यावर खेळणी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि दिव्यातल्या बॅटऱ्या त्याच रात्री काढा. खारं पाणी आत राहिलं तर आठवड्याभरात पत्र्यांवर हिरवा थर चढतो आणि दिवा पुढच्या खेपेला लागत नाही.