बेरीला येण्याआधी गिग लेनची गोष्ट

मृणालताई, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या आमच्या बेरीत नोकरी पक्की झाल्याचं वाचून फार आनंद झाला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: घर कुठे बघावं, शाळेचं कसं, आणि तुमच्या अर्णवचा प्रश्न, "बेरीचा फुटबॉल क्लब लीगच्या यादीत सापडत नाही, तो बंद पडला का?"

पहिल्या दोन्हींचं थोडक्यात सांगतो. रात्रपाळी असेल तर फेअरफिल्ड हॉस्पिटलला चालत जाता येईल असं घर बघा. ट्राम शहराच्या मध्यातून मँचेस्टरला जाते, हॉस्पिटलकडे जात नाही. सुरुवातीला सहा महिन्यांचाच करार करा. पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, शाळेचा अर्ज भरा. आणि हो, गावाचं नाव 'ब्युरी' नाही, 'बेरी'.

अर्णवच्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर देतो. ही गोष्ट कळल्याशिवाय हे गाव कळत नाही, असं मला इथे नऊ-दहा वर्षं काढल्यावर वाटतं.

तुम्ही कोल्हापूरच्या, त्यामुळे तुम्हाला समजायला सोपं जाईल. आपल्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे फुटबॉल संघ तालमींतून आले. इथे ते चर्चमधून आले. वेस्लियन आणि युनिटेरियन अशा दोन चर्चच्या पोरांचे संघ होते, ते 1885 साली एकत्र आले आणि बेरी फुटबॉल क्लब झाला. मैदान पहिल्यापासून गिग लेन. सूतगिरण्यांचं गाव हे. आपण शाळेत 'धावता धोटा' शिकलो ना, तो 1733 साली शोधणारा जॉन के इथलाच. गावात त्याच्या नावाची बाग आणि स्मारक आहे. इचलकरंजीच्या माणसाने तिथे एकदा तरी उभं राहावं.

1894 मध्ये क्लब लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या श्रेणींच्या स्पर्धेत, गेला आणि पहिल्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून वर चढला. 1900 साली एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनला 4-0 हरवलं. 1903 साली तर डर्बी काउंटीला 6-0! त्या वर्षी कपच्या सगळ्या सामन्यांत मिळून बेरीवर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यातला सहा गोलांचा तो फरक 116 वर्षं कुणाला गाठता आला नाही. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीने बरोबरी केली, पण तो विक्रम मोडलेला नाही. इथली शाळकरी मुलंसुद्धा हे सांगतात, अर्णवने पाठ करून यावं.

1929 नंतर क्लब अव्वल श्रेणीत परत गेलाच नाही. वर-खाली होत राहिला. 2002 मध्ये दिवाळखोरीच्या दारात पोचला, तेव्हा लोकांनी डबे फिरवून पैसे गोळा केले आणि तो वाचवला. मधल्या काळातली आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे बायचुंग भुतिया. 1999 मध्ये सिक्कीमचा हा पोरगा याच क्लबकडून खेळायला आला. क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. मी भारतीय आहे म्हटल्यावर गिग लेनच्या स्टँडमधल्या एका आजोबांनी पहिलं नाव त्याचंच घेतलं होतं. तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आलं, ते अजून आठवतं.

आता 2019. त्या वसंतात खेळाडूंचे पगार थकले होते, तरी त्यांनी संघ तिसऱ्या श्रेणीत चढवला. क्लब काही महिन्यांपूर्वी अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाकडे गेला होता आणि देणी भागत नव्हती. हंगाम सुरू झाला, पण पैसे असल्याचा पुरावा देता येईना, म्हणून लीगने एकामागून एक सामने थांबवले. एका माजी संचालिकेने निषेध म्हणून स्टेडियमच्या पाइपाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. 27 ऑगस्टला शेवटची मुदत होती. पुढचा सामना होईल या आशेने त्या दिवशी शेकडो माणसं मैदान साफ करायला आली. मीही झाडू घेऊन गेलो होतो. म्हाताऱ्या बायका खुर्च्या पुसत होत्या, पोरं गवत उपटत होती. रात्री उशिरा बातमी आली: 125 वर्षांनंतर बेरीला लीगमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सुतक असावं तशी शांतता होती.

म्हणून, ताई, इथे कुणालाही सहज म्हणून "तुमचा क्लब बुडाला ना?" असं विचारू नका. माणसं दुखावतात. त्याऐवजी "तुम्ही मॅचला जाता का?" विचारा, पुढचा अर्धा तास तेच बोलतील.

कारण क्लब परत आला, आणि तो लोकांनी आणला. काही चाहत्यांनी लगेच नवा संघ काढला आणि शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर अगदी खालच्या श्रेणीतून खेळायला सुरुवात केली. दुसरे म्हणाले, गिग लेनशिवाय बेरी नाहीच. 2022 मध्ये या दुसऱ्या गटाने सरकारी निधी आणि देणग्यांच्या बळावर मैदान विकत घेतलं. एकाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान! पेठेपेठेतलं भांडण बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकाच घरात बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. एकत्र येण्यासाठीचं पहिलं मतदान फसलं. 2023 मध्ये दुसरं पार पडलं आणि बेरी एफसी नाव घेऊन संघ गिग लेनवर उतरला, नवव्या श्रेणीत. त्या पहिल्या हंगामात मी शेजारच्या आजोबांना हाताला धरून आत नेलं. ते जागेवर बसले, गवताकडे बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

2025 मध्ये ती श्रेणी जिंकून संघ आठवीत गेला. म्हणून अर्णवला वरच्या चार श्रेणींच्या यादीत नाव सापडत नाही. या पातळीवर इतर ठिकाणी काहीशेच माणसं येतात, इथे हजारोंनी येतात. अर्णवला मित्र मिळवायचे असतील तर शाळेइतकीच ही जागा कामाची आहे असं माझं ठाम मत आहे. पांढरा शर्ट, निळी चड्डी आणि 'शेकर्स' हे टोपणनाव, एवढं त्याने लक्षात ठेवलं तरी पुरे. थंडी मात्र हाडांत शिरते, जाड मोजे कोल्हापुरातूनच आणू नका, इथल्या बाजारात चांगले मिळतात.

तारीख ठरली की कळवा. त्या आठवड्यात घरचा सामना असेल तर अर्णवचं तिकीट काढून ठेवतो.