मंदिराच्या पाठीला परमिट रूम: अंतर मोजतात कुठून?

गल्लीतल्या दत्तमंदिराच्या पाठीलाच परमिट रूम निघतेय, अंतराच्या नियमावर ती अडेल का, असं तुम्ही विचारलंय. टेप काढण्याआधी मला सांगा, मंदिराचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का?

वकिलीत अशी प्रकरणं हाताळली आहेत आणि बऱ्याच तक्रारी इथेच गळपटतात. आपल्या महाराष्ट्राच्या नियमांत 'धार्मिक संस्था' म्हणजे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचं मंदिर, मशीद, चर्च, अग्यारी वगैरे. पिंपळाच्या पारावरचं नोंदणी नसलेलं देऊळ सहसा मोजणीत येतच नाही, मग तिथे रोज कितीही गर्दी होवो. परवान्यानंतर घाईघाईने नोंदणी केलीत, तर समोरचा वकील पहिल्यांदा त्या तारखेवरच बोट ठेवेल.

मग अंतर. परवान्याचा प्रकार आणि गाव-शहर पाहून ते ५०, ७५ किंवा १०० मीटर ठरतं. पण हवाई अंतर धरत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने चालत जातो त्या वाटेने, मंदिराच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. कंपाउंड नसेल तर देवळाच्या दारापर्यंत. म्हणजे भिंतीला भिंत लागून असली तरी दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर उघडत असतील, तर दुकान नियमात बसू शकतं. खरी भांडणं इथलीच: एक जण मागचं दार बुजवून पुढे काढतो, दुसरा बोळातली वाट दाखवतो, तिसरा म्हणतो की दुभाजक ओलांडणं ही काही वाट नव्हे. म्हणून उत्पादन शुल्कवाले मोजणीला येतील तेव्हा हजर राहा. नकाशात बोळ नसेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या. पुढे उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपिलात आणि हायकोर्टात तोच कागद कामाला येतो.

५०० मीटरचं कोणी सांगितलं असेल तर ते सोडा. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा तो निकाल हायवेवरच्या दुकानांचा होता, देवळांचा नव्हे.

अंतराच्या नियमात दुकान बसलंच, तर आडवी बाटली उरते, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीचं मतदान: आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान होतं. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती झालेल्या मतदानातली नाहीत. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच खात्यात जाते, तेव्हा अर्जाआधी मतदारयादी घेऊन घरोघर फिरा.