औषधाआधी आतडं बघा

मासे नीट खातात पण अंगाला लागत नाही, म्हणून लगेच जंताचं औषध आणू नका. आधी दोन-तीन मलूल मासे कापून आतडं उभं चिरा. पांढरी चपटी फीत म्हणजे पट्टकृमी, बारीक दोरा म्हणजे गोलकृमी. काहीच दिसलं नाही तर आतड्यातला चिकट स्राव सूक्ष्मदर्शकाखाली धरा, तोही मासा ताजा असतानाच. एकपेशीय परजीवी मासा मेल्यावर लवकरच हलायचे थांबतात.

पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, गोलकृमीवर फेनबेन्डाझोल किंवा लेव्हामिसोल. मात्रा माशांच्या एकूण वजनावर, आणि ती मत्स्यवैद्यकाकडूनच ठरवून घ्या. प्राझिक्वांटेल भलतंच कडू! माझ्या माशांनी पहिल्या दिवशी सगळं थुंकून टाकलं. आता मी एक दिवस उपाशी ठेवतो आणि खाद्याला तेलाचा हात लावून औषध चिकटवतो. मिठाच्या पाण्याने आतड्यातले जंत जात नाहीत, तो नाद सोडा.

कार्पमधला पट्टकृमी सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म जीवांमार्फत माशात शिरतो. त्यामुळे हंगाम संपला की तळं रिकामं करून वाळवा, चुना मारा. एकपेशीय परजीवींवरचं मेट्रोनिडाझोल हे औषध खाण्याच्या माशांना अनेक देशांत बंद आहे. बाकी औषधांनंतरही सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय मासे विकू नका.